लाखेचा शिक्का

बावीस वर्षं मी गोपनीय टपाल सांभाळलं. एका कागदाला दोन लिफाफे. आतल्यावर 'गुप्त' असा लाल शिक्का आणि कडांवर लाख. बाहेरच्यावर नुसता पत्ता, आत काय आहे याचा मागमूस नाही. लाख पातळ असताना ओतायची आणि गार व्हायच्या आत मोहर दाबायची, उशीर झाला की तडकते. या कामाचा मला अभिमान होता, आजही आहे. तुकडी कधी हलणार, जहाज कुठल्या वाटेने जाणार, हे फुटलं तर माणसं जिवाला मुकतात.

पण एकदा एका वाहन अपघाताचा चौकशी अहवाल टंकलेखनासाठी माझ्याकडे आला. ब्रेक धरत नाहीत असं चालकाने तीनदा लेखी कळवलं होतं. त्यात तोच गेला. या अहवालावरही 'गुप्त' मारायचा हुकूम आला आणि मी मारला. पुढे त्याची बायको प्रत मागायला आली, तेव्हा "ते गोपनीय आहे, ताई" हे तिला मीच सांगितलं.

निवृत्तीनंतर अमेरिकेतल्या रेनॉल्ड्स खटल्याबद्दल वाचलं आणि ती बाई पुन्हा डोळ्यांसमोर उभी राहिली. १९४८ मध्ये जॉर्जिया राज्यात वेक्रॉसजवळ हवाई दलाचं बी-२९ हे बॉम्बफेकी विमान कोसळून नऊ जण गेले. त्यातल्या तीन नागरी तज्ज्ञांच्या विधवांनी कोर्टात अपघाताचा अहवाल मागितला. विमानात गुप्त उपकरणं होती, म्हणून हवाई दलाने नकार दिला. निदान मला एकट्याला दाखवा, असं खालच्या कोर्टाचे न्यायाधीश म्हणाले, तेही नाही. १९५३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सरकारची बाजू उचलून धरली, तीही अहवाल न वाचता! पुढे तो खुला झाला. त्यात उपकरणांचं गुपित असं काही नव्हतंच. इंजिनाला आग लागू नये म्हणून उष्णतारोधक पत्रे बसवायचे आदेश होते, ते बसवलेच नव्हते.

न्यायाधीशाने बंद खोलीत अहवाल वाचला असता तर कुठलं गुपित फुटणार होतं? तांत्रिक पानं बाजूला काढून बाकीची विधवांच्या हाती देता आली असती. शिक्का मारणाऱ्यानेच तो बरोबर आहे की नाही हे ठरवायचं, हे मला मुळीच पटत नाही.

तो अहवाल शेवटी एका मृताच्या मुलीच्या हाती पडला, २००० साली. बाप गेला तेव्हा ती सात आठवड्यांची होती.