रेडवुडची तहान मोजायला वर्गणी देताय? मग हे बघा

कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरचे रेडवुड वृक्ष शंभर मीटरच्याही वर जातात. तिथे उन्हाळा जवळपास कोरडाच. तेव्हा धुकं त्यांना तगवतं. 2012 ते 2016 च्या दुष्काळात सिएरा नेवाडा पर्वतरांगेतल्या त्यांच्या भाऊबंदांची, जायंट सिक्वोयांची, जुनी पानं तपकिरी पडून गळली. अशा झाडांवरच्या संशोधनासाठी लोकवर्गणी मागितली जाते, तेव्हा आधी खर्चाचा तक्ता उघडा.

मुख्य मोजमाप पहाटे, उजाडण्यापूर्वी होतं आणि पुन्हा भर दुपारी. दोरावरून शेंड्यापर्यंत चढायचं, डहाळी कापायची, कापलेलं टोक बाहेर ठेवून ती दाबपात्रात, म्हणजे दाब मोजता येणाऱ्या बंद भांड्यात, बसवायची आणि नायट्रोजनचा दाब हळूहळू वाढवायचा. टोकावर पाणी चमकलं की आकडा टिपायचा. जितका दाब जास्त, तितकं झाड तहानलेलं.

चुका इथेच होतात. कापलेली डहाळी उघडी राहिली तर सुकते आणि झाड आहे त्याहून तहानलेलं दिसतं. दाब झपकन वाढवला तर नेमका क्षण हुकतो. शिवाय शंभर मीटरवर, जमीन ओली असली तरी, निव्वळ उंचीमुळेच झाडातल्या पाण्यावर सुमारे 10 बार (बार हे दाबाचं एकक) ताण असतो. म्हणून तुलना समान उंचीच्या डहाळ्यांचीच हवी. प्रस्तावात हे लिहिलेलं नसेल तर बेधडक विचारा.

दोर, सिलिंडर दिसतात. प्रशिक्षित चढणाऱ्यांची मजुरी मात्र तक्त्यात कमी धरलेली असू शकते. एकाच हंगामाचे आकडे आमच्या मते अपुरे. ओल्या वर्षाशी ताडून पाहिल्याशिवाय दुष्काळाचा परिणाम वेगळा काढता येत नाही, तेव्हा पुढच्या वर्षीच्या चढाईचीही तरतूद आहे का, ते बघा.