आमची वाटचाल : भट्टी आणि भट्टीमागची माणसं

कोल्हापूरच्या उद्यमनगरात ऑइल इंजिनांसाठी बीड (ओतीव लोखंड) ओतलं जाऊ लागलं, आणि पुढे शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल-हातकणंगले अशा एमआयडीसी उभ्या राहिल्या. आमची फाउंड्री, म्हणजे ओतकामाचा कारखाना, शिरोलीतली. पंपाची बॉडी, गिअरबॉक्सचं हाउसिंग असं ग्रे आयर्नचं, म्हणजे साध्या बिडाचं काम. भट्टीला बँक कर्ज देते. माणसं जोडायला मात्र वेळच द्यावा लागतो.

साच्याच्या वाळूत ओलावा तीन-चार टक्के हवा. जास्त झाला की वाफ धरते आणि कास्टिंगमध्ये, म्हणजे ओतलेल्या भागात, ब्लोहोल (वाफेची पोकळ भोकं) पडतात. कमी झाला की साचा ढासळतो. टेस्टिंग मशीन आहेच, पण मुरलेला मोल्डर (साचा करणारा) मूठभर वाळू दाबतो, मोडतो आणि कडा बघूनच ‘पाणी वाढलंय’ म्हणतो. असा माणूस गेला की रिजेक्शन, म्हणजे नाकारलेला माल, वाढतं, आणि ते कळतं गिऱ्हाइकाकडे मशिनिंग सुरू झाल्यावर.

पेरणीला आणि उसाच्या लागणीला गावची मुलं रजा घेतात, छठ आणि होळीला बिहार-उत्तर प्रदेशची. म्हणून भट्टी आणि लॅडलच्या (वितळलेला धातू ओतायच्या भांड्याच्या) प्रत्येक कामाला दुसरा माणूस तयार ठेवतो. ओतायला उशीर झाला, तर धातू गार होतो आणि पातळ भागात जुळत नाही.

सर्वांत अवघड खातं फेटलिंगचं, म्हणजे ओतलेला भाग साफ करण्याचं. टनावर ठेका दिला की फिन (कडेला आलेली जादा पातळ धातू) ग्राइंड करण्याऐवजी हातोड्याने उडवतात आणि कड तुटते. त्यामुळे ही माणसं आम्ही थेट पगारावर घेतली. सिलिकाची धूळ रुमालाने अडत नाही. ग्राइंडरपाशीच धूळ ओढणारी नळी लागते, शिवाय एन-९५ मास्क.

पीएफचे १२ टक्के कापले की नव्या कामगाराला पैसे बुडाले असं वाटतं. त्याच्याच मोबाइलवर पासबुक उघडून दाखवावं. आधारवरचं आणि यूएएनवरचं (पीएफच्या खाते क्रमांकावरचं) नाव अक्षरन्‌अक्षर जुळतंय ना, आधीच्या मालकाने नोकरी सोडल्याची तारीख भरली आहे ना, हे रुजू होतानाच पाहावं; नाहीतर पुढे क्लेम अडकतो. ईएसआयसाठी (कामगार आरोग्य विम्यासाठी) २१,००० रुपयांपर्यंत पगार असलेल्याचे ०.७५ टक्के आणि आमचे ३.२५ टक्के जातात. कुटुंब गावी असलं तरी त्यांची नावं घालावीत, उपचार तिकडेही मिळतात. हे कागद नीट असले की सुट्टीला गेलेला माणूस बहुधा परत येतो.

आयटीआयमध्ये मुलांचा ओढा इलेक्ट्रिशियन आणि फिटरकडे. फाउंड्रीमन ट्रेडला मुलं कमीच. अप्रेंटिस आला की आम्ही त्याला आधी कोअर शॉपला (भागातली पोकळी घडवणारे वाळूचे गाभे करतात तिथे) बसवतो, भट्टीवर नंतर.