लिडिया पळून गेली तेव्हा

पणजीच्या सेंट्रल लायब्ररीतून आणलेली जेन ऑस्टिनची प्राइड अँड प्रेज्युडिस परवा रात्री दुसऱ्यांदा संपवली. कॉलेजात वाचली तेव्हा नायक-नायिका डार्सी-एलिझाबेथच डोक्यात राहिले होते, पण आता स्वतःची मुलगी पंधरा वर्षांची आहे म्हणून असेल, ह्या वेळी एलिझाबेथच्या धाकट्या बहिणीपाशी, लिडियापाशीच अडकले. ती पण जेमतेम सोळाची, आणि विकहॅम नावाच्या लष्करी अधिकाऱ्याबरोबर पळून जाते, ज्याने आधी डार्सीच्या पंधरा वर्षांच्या बहिणीला असंच फशी पाडायचा प्रयत्न केलेला, तिच्या ३०,००० पौंडांसाठी! हे प्रेम नाहीच हो. डार्सी त्याची कर्जं फेडतो, वर पैसे देतो, तेव्हा कुठे तो लग्नाला उभा राहतो. आणि घरच्यांना हायसं वाटतं, कारण लग्न झालं नसतं तर चारही बहिणींची लग्नं अडली असती. मला मात्र त्या पोरीसाठी पोटात तुटलं, जन्मभर त्याच माणसाबरोबर राहायचं तिने.

लिडियाच्या घरात पाच मुली, आणि बापामागे घर जाणार लांबच्या नात्यातल्या कॉलिन्सकडे, का तर मुलगा नाही. पुस्तक १८१३ चं. आमच्या गोव्यात १८६७ च्या पोर्तुगीज सिव्हिल कोडपासून मुलीला मुलाएवढाच वाटा, तरी सह्यांच्या वेळी भावासाठी हक्क सोडणाऱ्या बहिणी मी बघितल्यात, माझी आई त्यातलीच. एलिझाबेथची मैत्रीण शार्लट, प्रेम नसताना, फक्त आधार मिळावा म्हणून त्या कॉलिन्सशी लग्नाला हो म्हणते तिथे मला आईच आठवली.

आता पुस्तक लेकीच्या टेबलावर ठेवलंय. वाचून झालं की लिडियाबद्दल तिला काय वाटतं ते विचारणार आहे.