तुम्ही विचारलंत म्हणून: डिस्नीला तुम्ही लोक वेगळे का जाता?

मंडळाच्या गणपतीत, कुणाच्या घरच्या पॉटलकला, आईच्या व्हिडिओ कॉलमध्ये मागून डोकावणाऱ्या मावशीकडून, सगळीकडून मला फिरून फिरून हेच विचारलं जातं की अगं डिस्नी तर सगळ्यांसाठीच आहे ना, मग तुम्हा दोघींना (म्हणजे मला आणि माझ्या पार्टनरला) जूनमध्ये त्या गे डेजला (गे-लेस्बियन मंडळींच्या डिस्नीतल्या मेळ्याला) वेगळं कशाला जायचं असतं? विचारणारे खवचटपणे विचारत नाहीत (दोन-तीन जण सोडून), म्हणून एकदा नीट लिहून काढते, पुढच्या वेळी हेच फॉरवर्ड करेन.

तर पहिलं म्हणजे आम्ही वेगळे जातच नाही. पार्क काही आमच्यासाठी रिकामं करून देत नाहीत, तिकीट तेच, ऊन तेच, तासभर रांगेत उभं राहून तीन मिनिटांची राईड तीच. फ्लोरिडातल्या ऑरलँडोच्या गे डेजची सुरुवातच मुळात इतकी साधी आहे. १९९१ साली डग स्वॅलो नावाच्या माणसाने त्या काळच्या कॉम्प्युटर बुलेटिन बोर्डांवरून (आजच्या ऑनलाइन ग्रुपसारखेच ते) निरोप फिरवला, की जूनच्या पहिल्या शनिवारी मॅजिक किंगडमला (तिथल्या डिस्नी पार्कला) या आणि लाल शर्ट घाला म्हणजे गर्दीत एकमेकांना ओळखता येईल. बस. तीनेक हजार लोक आले म्हणतात. डिस्नीने ना बोलावलं ना हाकललं, सुरुवातीच्या काळात गेटवर पाट्या मात्र लावल्या होत्या, आज गे मंडळी जमलीयेत याची बाकीच्यांना कल्पना असावी म्हणून. पुढे तो अनेक दिवसांचा कार्यक्रम झाला, हॉटेलात पूल पार्ट्या, बॉलरूममध्ये स्टॉल वगैरे, पण शनिवारचा लाल शर्ट तसाच आहे.

यावरून गोंधळ कमी झाला नाही हां. १९९७ मध्ये सदर्न बॅप्टिस्ट या ख्रिस्ती पंथाच्या मंडळींनी डिस्नीवर बहिष्कार टाकला, तो २००५ पर्यंत चालला. १९९८ मध्ये शहरात विजेच्या खांबांवर गे समाजाचे इंद्रधनुषी झेंडे लागले तेव्हा टीव्हीवरचे धर्मगुरू पॅट रॉबर्टसन यांनी ऑरलँडोला इशारा दिला की वादळं येतील, भूकंप होतील, कदाचित उल्कासुद्धा पडेल. त्या उन्हाळ्यात बॉनी वादळ आलं खरं, पण ते ऑरलँडो सोडून नॉर्थ कॅरोलायनाला धडकलं आणि तिथून व्हर्जिनियाकडे गेलं, जिथे रॉबर्टसन यांचंच चॅनल होतं. मी देव-धर्म मानणारी आहे तरी हे वाचून मला फार हसू आलं होतं.

लाल शर्टाची गंमत म्हणजे दरवर्षी कोणीतरी न कळत लाल घालून येतंच. एकदा एक मराठी कुटुंब भेटलं, आजी-आजोबांपासून तान्ह्या बाळापर्यंत सगळ्यांना एकसारखे लालभडक टी-शर्ट, पाठीवर आडनाव आणि खाली 'फ्लोरिडा ट्रिप'. कॅसलसमोर जो तो येऊन काकांना हाय-फाइव्ह देतोय, एकाने मिठीच मारली, आणि काका एकदम खूश, इथले लोक किती प्रेमळ आहेत बघ असं काकूंना सांगताहेत. मग आम्ही मराठीत बोलताना ऐकून आमच्याकडे आले आणि आमचे शर्ट बघून म्हणाले, "अरे वा, तुम्ही पण लाल! कुठल्या मंडळाचे?" माझी पार्टनर इकडे तिकडे बघायला लागली. मी सांगून टाकलं. काका दोन सेकंद गप्प, मग म्हणाले, "असं होय, मला वाटलं शिकागोचे." काकूंनी आम्हाला चिवड्याची पुडी दिली, आणि दिवसभर कोणीही शर्ट बदलला नाही.

आता खरं उत्तर. पार्क एका दिवसाचं असतं हो, ज्याच्यासाठी आम्ही अटलांटाहून गाडी हाणत जातो ते असतं होस्ट हॉटेल, म्हणजे गे डेजसाठी ठरवलेलं हॉटेल. लग्न झालेल्या नवरा-बायकोला हॉटेलचं काउंटर म्हणजे काय हे कधी कळणार नाही, कारण तुमच्यासाठी ते फक्त चावी घ्यायची जागा असते. कोकणात एका ठिकाणी आम्हाला "दोघी बहिणी का?" असं विचारून मग दोघींची आधार कार्डं उलटसुलट करून आडनावं तपासली होती. समलैंगिक संबंधांना गुन्हा ठरवणारं ३७७ चं कलम सुप्रीम कोर्टाने २०१८ मध्ये आमच्यावरून उठवलं, पण ते काउंटरपर्यंत अजून पोचलेलं नाही. आणि फक्त तिकडचंच नाही, इथेही बुकिंग एका मोठ्या बेडचं असताना हसत हसत "मी तुम्हाला दोन बेडची रूम करून दिलीये" असं सांगणारे भेटतात, आणि मग दिवसभराच्या ड्रायव्हिंगनंतर लॉबीत उभं राहून स्वतःचं नातं समजावत बसायचं.

होस्ट हॉटेलात ती मुलगी स्क्रीन बघते, एक किंग बेड म्हणते, दोन चाव्या सरकवते, ब्रेकफास्टची वेळ सांगते आणि पुढच्या गिऱ्हाईकाला बोलावते. एवढ्यासाठी.

म्हणूनच हॉटेल बदललं की आमच्या ग्रुपवर धास्ती सुरू होते. २०२० च्या जूनमध्ये तर डिस्नीच बंद होतं कोविडमुळे, आणि त्यानंतर आम्ही परत गेलो ते नवीनच हॉटेल होतं. पूल मोठा का लहान हे कोणी विचारलं नाही, काउंटरवरचे कसे आहेत हेच सगळे विचारत होते. पहिल्या संध्याकाळी लॉबीत सगळे नव्या सुनेसारखे बावरलेले, कुठे बसायचं कळेना. मग नव्वदच्या दशकापासून येणारे एक पांढऱ्या केसांचे गृहस्थ आले, त्यांनी आपल्या जुन्या लाल टी-शर्टांची शिवून घेतलेली गोधडी कोपऱ्यातल्या सोफ्यावर पसरली, कारण फ्लोरिडात बाहेर भट्टी आणि आत एसीने दात वाजतात, आणि झालं, तो आमचा कोपरा ठरला. त्यातले काही शर्ट त्यांचे नव्हते, मित्रांचे होते. मित्र एड्सच्या काळात गेले.

फ्लोरिडात पैसे खर्चच का करायचे, हेही विचारतात, आणि हा प्रश्न मला जास्त रास्त वाटतो. २०२२ मध्ये तिथे शाळांत समलैंगिकता वगैरे विषयांवर बोलण्यावर बंधनं घालणारा कायदा आला. २०२३ मध्ये तर इक्वॅलिटी फ्लोरिडा या तिथल्याच संस्थेने प्रवाशांना सावधगिरीची सूचना काढली. आमच्या एका मैत्रिणीची पार्टनर ट्रान्स आहे, त्या दोघी यायच्या बंद झाल्या, कारण त्याच वर्षीच्या टॉयलेटच्या कायद्यात (जन्मावेळच्या लिंगाप्रमाणेच टॉयलेट वापरायचं) सरकारी इमारती येतात आणि त्यात विमानतळही आले, म्हणजे विमानातून उतरून बाथरूमला जायचं तरी धाकधूक. त्यांचं मला शंभर टक्के पटतं. तरी मी जाते. पल्स या गे क्लबमध्ये १२ जून २०१६ ला ४९ माणसं मारली गेली, ते ऑरलँडोच, आणि गे डेज संपून जेमतेम आठवडा झाला होता. त्या शहरात वर्षभर राहणारे आपले लोक आहेत, ड्रॅग शो (नटूनथटून, बहुधा बायकांच्या वेषातला रंगमंचावरचा कार्यक्रम) करून पोट भरणारे आहेत, त्यांना राज्य बदलायची सोय नाही. आमच्या ग्रुपमध्ये यावर दरवर्षी भांडण होतं आणि दरवर्षी अर्धवट राहतं.

आणि हो, "मग आम्ही आलो तर चालेल का?" चालेल की! परवानगी कसली त्यात, तुमचं नेहमीचं तिकीट काढा आणि या, मुलांना आणा, आई-बाबा आले असतील तर त्यांनाही आणा. लाल घातलंच पाहिजे असं नाही, पण घातलंत तर हाय-फाइव्हची तयारी ठेवा. पाणी भरपूर प्या, दुपारी धो धो पाऊस येतो तेव्हा रेनकोट आधीच बाहेरच्या दुकानातून घेऊन ठेवा, पार्कात घेतलात तर चांगलाच चुना लागतो.