शिकागो ते एमरीव्हिल : जेवणाच्या डब्यातली अमेरिका

शिकागोहून सॅन फ्रान्सिस्कोला विमानाने साडेचार तासांत पोचता येतं. 'कॅलिफोर्निया झेफर' या रेल्वेगाडीला त्याच प्रवासाला सुमारे ५२ तास लागतात, आणि तीही सॅन फ्रान्सिस्कोत शिरत नाही; खाडीच्या अलीकडे एमरीव्हिलला थांबते, तिथून पुढे बस. शिकागोजवळच्या नेपरव्हिलला बहिणीच्या घरी मी हा बेत सांगितला तेव्हा सगळ्यांचं एकच म्हणणं पडलं, "ताई, मधे काही नाही हो. मक्याची शेतं, मग डोंगर, मग वाळवंट." त्या दिवाणखान्यात वीस-पंचवीस वर्षं अमेरिकेत काढलेली माणसं बसली होती. न्यू जर्सी, टेक्सास, कॅलिफोर्निया त्यांना पाठ. आयोवाची हद्द तिथून मोटारीने दोन-अडीच तासांवर, पण तिथे मुद्दाम कुणीच गेलं नव्हतं.

मी सातारा जिल्ह्यातल्या शाळेत वर्षानुवर्षं भूगोल शिकवला. 'प्रेअरी म्हणजे जगाचं गव्हाचं कोठार' हे वाक्य फळ्यावर किती वेळा लिहिलं असेल! ते कोठार आणि तिथली माणसं बघितल्याशिवाय परत यायचं नाही, असं मी मुंबईहून निघतानाच ठरवलं होतं.

आपल्याकडे 'अमेरिकन माणूस' म्हटलं की एक ठरीव चित्र उभं राहतं. मोठ्याने बोलणारा, सतत घाईत, ओळख नसताना हसणारा, मुलगा अठरा वर्षांचा झाला की त्याला घराबाहेर काढणारा, आईवडिलांना वृद्धाश्रमात ठेवणारा, आणि ज्याला जगाच्या नकाशात भारत सापडत नाही असा. हे चित्र आलं कुठून? बरंचसं चित्रपट-मालिकांतून, आणि उरलेलं परदेशी राहणाऱ्या नातेवाइकांच्या फोनवरच्या बोलण्यातून. दोन्हींत प्रामुख्याने दिसतात दोन किनारे, चार-सहा मोठी शहरं आणि तिथली ऑफिसं.

झेफरमध्ये मी 'रूमेट', म्हणजे छोटी खासगी खोली, घेतली होती. समोरासमोर दोन खुर्च्या, रात्री त्यांचीच बर्थ होते, आणि जेवण तिकिटातच. जेवणाच्या डब्यात मात्र आपल्या पसंतीचं टेबल मिळत नाही. चार जणांचं टेबल असतं आणि कर्मचारी रिकाम्या खुर्चीवर जो येईल त्याला बसवतात. एकटं प्रवास करणाऱ्याला त्यामुळे दर जेवणाला तीन अनोळखी माणसं भेटतात. या देशाची ओळख करून घ्यायला मला याहून चांगली सोय दिसली नाही.

बर्लिंग्टनला मिसिसिपी ओलांडली तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. नदी पाहून माझे हात आपोआप जोडले गेले. समोर बसलेल्या आजींनी ते पाहिलं आणि काही न विचारता त्यांनीही हात जोडले. शेजारच्या डब्यात आमिश या ख्रिस्ती पंथाचं एक कुटुंब होतं. बायकांच्या डोक्यावर पांढऱ्या टोप्या, पुरुषांना दाढी पण मिशी नाही, मुलं आपसात त्यांच्या जर्मन बोलीत बोलत होती. हे लोक मोटारी बाळगत नाहीत, म्हणून लांबच्या प्रवासाला रेल्वे. ओटमवाला ते उतरले.

रात्रीच्या जेवणाला माझ्यासमोर आयोवातलं एक शेतकरी जोडपं आलं, साठीच्या पुढचं. मका आणि सोयाबीन. मी भारतातली म्हटल्यावर त्यांनी पहिला प्रश्न केला, "तुमच्या भागात सोयाबीन होतं का?" लातूरचं नाव सांगितलं, विदर्भ-मराठवाड्यात लाखो शेतकऱ्यांचं वर्ष सोयाबीनच्या भावावर चालतं हेही सांगितलं. मग जे बोलणं सुरू झालं ते डब्यातली सगळी टेबलं रिकामी होईपर्यंत. ते गृहस्थ ब्राझीलच्या माटो ग्रोसो राज्यातल्या पावसावर दररोज लक्ष ठेवतात, कारण तिथे पीक भरघोस आलं की शिकागोच्या बाजारात भाव पडतो. शिकागोत भाव पडला की लातूरच्या आडतीवरही त्याची झळ लागते. नकाशा न कळणारा अमेरिकन म्हणे! माझ्या वर्गात ब्राझीलचा पाऊस कधी कुणी इतक्या तळमळीने शिकला नव्हता.

त्यांच्या पत्नीने हसत हसत पण मनापासून एक दुखणं सांगितलं. किनाऱ्यावरचे लोक त्यांच्या प्रदेशाला 'वरून उडून जायचा मुलूख' म्हणतात. त्यांच्या लेखी इथे राहतात ती साधी, जराशी मागास, मका खाऊन जगणारी माणसं. नेपरव्हिलच्या दिवाणखान्यातलं 'मधे काही नाही' मला आठवलं. आपल्या लोकांनी अमेरिकेत घर केलं, नोकरी केली आणि तिथल्या किनाऱ्यांचे पूर्वग्रहही सामानासोबत घरात आणले. मला याचं वाईट वाटतं. वऱ्हाडातल्या माणसाला मुंबईत जे ऐकून घ्यावं लागतं, तेच हे.

या बाईंची आई नव्वदीची आहे आणि त्यांच्याच घरी राहते. मी आश्चर्य दाखवल्यावर त्यांनाच माझ्या आश्चर्याचं आश्चर्य वाटलं. पुढे वाचलं तेव्हा कळलं की २०२१ मध्ये अमेरिकेतले १८ टक्के लोक एकाहून अधिक प्रौढ पिढ्या एकत्र असलेल्या घरांत राहत होते. म्हणजे जवळजवळ सहा कोटी माणसं. वृद्धाश्रम आहेतच, एकटेपणही आहे. पण ही सहा कोटी माणसं आपल्या चित्रात कुठेच नसतात.

ओमाहा रात्री गेलं. नेब्रास्का झोपेत गेलं याची मला हळहळ वाटते. क्षेत्रफळ महाराष्ट्राच्या साधारण दोन तृतीयांश, आणि लोकसंख्या जेमतेम वीस लाख. निवडणुकीच्या नकाशात हे राज्य एकरंगी लाल, म्हणजे रिपब्लिकन पक्षाचं, रंगवतात, पण इथे राष्ट्राध्यक्ष निवडणारी राज्याची बहुतेक प्रतिनिधी-मतं मतदारसंघानुसार वाटली जातात आणि ओमाहाच्या मतदारसंघाने २००८, २०२० आणि २०२४ मध्ये डेमोक्रॅटिक उमेदवाराला कौल दिला. कॅलिफोर्नियाचंही तसंच. सगळे त्याला निळं, म्हणजे डेमोक्रॅटिक, राज्य म्हणतात, पण २०२० मध्ये ट्रम्प यांना सर्वाधिक मतं मिळाली ती याच राज्यातून, साठ लाखांहून थोडी जास्त, म्हणजे टेक्सासपेक्षाही अधिक.

डेन्व्हरनंतर गाडी रॉकी पर्वत चढते. वळणामागून वळणं, बोगद्यामागून बोगदे, आणि मग १९२८ मध्ये सुरू झालेला मोफॅट बोगदा, जवळजवळ दहा किलोमीटरचा. आत असेपर्यंत धूर डब्यात येऊ नये म्हणून मधली दारं उघडू नका असं सांगितलं जातं. पलीकडे बाहेर आल्यावर फ्रेझरची दरी आणि जून असूनही शिखरांवर बर्फ. कोलोरॅडो नदी पुढे कितीतरी तास सोबत होती. तिच्याबद्दल लिहायचं तर वेगळी पोस्ट लागेल.

दुपारच्या जेवणाला ग्रँड जंक्शनला उतरणारे एक निवृत्त कोळसा खाणकामगार समोर होते. माझ्या मनातल्या 'बंदूकवाल्या अमेरिकन'शी ते तंतोतंत जुळत होते. टोपी, दणदणीत आवाज, घरात बंदुका. दरवर्षी शरद ऋतूत ते एल्क हरणाची शिकार करतात आणि ते मांस घरात हिवाळाभर पुरतं. शाळांतल्या गोळीबारांचा विषय मीच काढला. त्यांचा आवाज उतरला. बंदूक हातात देण्याआधी वडिलांनी दोन हिवाळे नुसतं सोबत चालायला लावलं होतं, आताच्या विक्रीत तसं काही राहिलं नाही, असं ते म्हणाले. नियम किती कडक असावेत यावर आमचं पटलं नाही. मला त्यांचं म्हणणं अपुरं वाटलं आणि मी तसं सांगितलंही. त्यांनी ते शांतपणे ऐकून घेतलं. कॅलिफोर्नियाच्या लोकांवर मात्र त्यांचा मनापासून राग! ते येतात, डोंगरात घरं घेतात, भाव वाढवतात आणि मग स्थानिकांना कसं जगायचं ते शिकवतात. गोव्यात दिल्लीकरांविषयी हेच ऐकू येतं.

मग त्यांनी विचारलं, "तुम्ही डॉक्टर का?" आयोवाच्या जोडप्याने आदल्या रात्री सॉफ्टवेअरबद्दल विचारलं होतं. या गृहस्थांच्या भागातले हृदयरोगतज्ज्ञ भारतीय आहेत, म्हणून त्यांच्या मनात भारतीय म्हणजे डॉक्टर. यामागे कायदा आहे. शिक्षणासाठी आलेल्या परदेशी डॉक्टरने डॉक्टरांची टंचाई असलेल्या भागात तीन वर्षं काम केलं तर त्याला देशात राहता येतं, अशी तरतूद १९९४ पासून आहे. त्याआधी १९६५ च्या कायद्याने शिकलेल्यांना वाट करून दिली होती, १९९० मध्ये एच-१बी व्हिसा आला. अमेरिकेने भारतीय माणूस पाहिला तो या चाळणीतून खाली पडलेला. त्या गृहस्थांना मी सांगितलं की आमच्याकडे ऊसतोड कामगार आहेत, कोळी आहेत, मेंढपाळ आहेत. ते तुमच्यापर्यंत पोचतच नाहीत. ते म्हणाले, "मीही तुमच्यापर्यंत पोचलो नव्हतो." चित्रपट आणि नातेवाईक ही आपली चाळणी. तिच्यातून हा खाणकामगार कधीच खाली पडला नसता.

चित्रं बदलतात हेही लक्षात घ्यायला हवं. १८४२ मध्ये इथे आलेल्या चार्ल्स डिकन्सला अमेरिकन माणसाची सर्वांत किळसवाणी सवय वाटली ती तंबाखू चघळून जागोजागी थुंकण्याची. आज हाच ठपका आपल्यावर आहे. आणि मराठी डोळ्यांनी हा देश पाहणाऱ्या पंडिता रमाबाई मार्च १८८६ मध्ये आनंदीबाई जोशींच्या पदवीदान समारंभासाठी फिलाडेल्फियाला आल्या, अडीचेक वर्षं देशभर फिरल्या, सॅन फ्रान्सिस्कोहून जहाजाने निघाल्या आणि १८८९ मध्ये त्यांनी इथल्या लोकांवर मराठीत पुस्तक लिहिलं. बायकांच्या संस्था, शाळा, लोकांनी एकत्र येऊन उभी केलेली कामं यांचं त्यांना फार कौतुक होतं. पण म्हणून काही त्यांनी कृष्णवर्णीयांचा छळ आणि मूळ रहिवाशांवरचा अन्याय लपवला नाही. स्तुती आणि निषेध एकाच माणसाने, एकाच पुस्तकात करावा, हे मला त्यांच्याकडून शिकण्यासारखं वाटतं. आज आपल्याला अमेरिका एक तर स्वर्ग हवी असते, नाही तर ऱ्हासाची कहाणी.

युटामध्ये संध्याकाळ झाली. प्रोव्होचा एक तरुण शिक्षक भेटला, मॉर्मन या ख्रिस्ती पंथाचा. ऐन तरुणपणी धर्मप्रसारासाठी दोन वर्षं फिलिपिन्सच्या खेड्यांत राहिलेला, टागालोग अस्खलित बोलणारा. आपल्या लोकांबद्दलचं बाहेरच्यांचं सगळं ज्ञान अनेक बायका आणि कॉफीबंदी एवढ्यावर संपतं, असं तो म्हणाला. बहुपत्नीत्व त्याच्या चर्चने १८९० मध्येच सोडलं.

आणि ते हसू. आपल्याकडे त्याला सर्रास दिखाऊ म्हणतात. मला गाडीत ते सतत भेटत होतं : मार्गिकेत, पाण्याच्या नळाशी, पहाटे दात घासताना. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात असं दिसलं की ज्या देशांत गेल्या पाचशे वर्षांत अनेक ठिकाणांहून लोक येऊन वसले, तिथे भावना चेहऱ्यावर अधिक मोकळेपणाने दाखवण्याची रीत आहे. मला हे पटतं. भाषा, जात, गाव, काहीच सामाईक नसलेल्या माणसाला 'माझ्याकडून तुला धोका नाही' हे आधी चेहऱ्याने सांगावं लागत असणार. त्या हसण्यातून मैत्री होईलच असं नाही. पण ते खोटं नाही.

काही ठरीव समज खरेही निघाले. बाहेरचं दृश्य बघायच्या डब्यात आवाज मोठेच होते. दर जेवणानंतर फेकलेल्या प्लास्टिकचा ढीग पाहून जीव तुटला. आणि मालगाड्यांना वाट द्यायला आमची गाडी वारंवार थांबली. कायद्याने प्रवासी गाडीला अग्रक्रम आहे, पण रूळ मालवाहू कंपन्यांचे.

रीनो सोडल्यावर सिएरा नेवाडा येतो. ग्रॅनाइटच्या या कड्यांतून १८६० च्या दशकात रेल्वे नेली ती हजारो चिनी मजुरांनी. ही किरकोळ बांध्याची माणसं असलं काम करतील का, अशी कामावरच्या अधिकाऱ्यांना सुरुवातीला शंका होती. शेवटी बहुतेक मजूर तेच होते. १० मे १८६९ ला रूळ जोडले गेले आणि १८८२ मध्ये चिनी मजुरांना देशात यायलाच बंदी झाली. माणसाविषयीचा समज कायद्यात उतरला की काय होतं, ते या घाटात कळतं. खिडकीतून ते कडे बघताना मला नुसता निसर्ग बघता आला नाही.

शेवटच्या टेबलावर रीनोला चढलेल्या एक निवृत्त परिचारिका होत्या, सॅक्रामेंटोला मुलीकडे निघालेल्या. त्यांनी विचारलं, "भारतातली माणसं कशी असतात?" मी म्हटलं, एका राज्याबद्दलच सांगते. मग कोकणातला माणूस तिरकस बोलतो पण घरी फणस कापून बसवतो असं का म्हणतात, पुणेकर दुपारी दार उघडत नाही असं का म्हणतात, कोल्हापूरकराच्या आग्रहापुढे पोट का हरतं, वऱ्हाडी पाहुणचार कसा असतो, हे सगळं सांगितलं. यातलं किती खरं आणि किती शेजाऱ्यांनी चिकटवलेलं, हेही सांगितलं. रीनोत लास व्हेगासवाल्यांविषयी काय बोलतात ते त्यांनी ऐकवलं. सॅक्रामेंटो आलं तेव्हा त्या पिशवी उचलता उचलता म्हणाल्या की जावयाच्या ऑफिसात एकजण नागपूरचा आहे, आणि आज रात्री जेवायला तोच येणार आहे. "मग तो वऱ्हाडी झाला ना?" मी म्हटलं, हो, पण त्यालाच विचारा, नागपूरकरांचं याबाबत वेगळं म्हणणं असू शकतं. त्यांनी हातातल्या पाकिटावर दोन्ही नावं लिहून घेतली आणि फलाटावर उतरल्या.