बिली बॅट्सन आणि सातवा शत्रू

रविवार, रात्री

आज दुपारी पुन्हा ‘व्हिझ कॉमिक्स’ वाचत बसले. फेब्रुवारी १९४० चा अंक, कॅप्टन मार्व्हल या अमेरिकन सुपरहिरोची पहिली गोष्ट. लेखन बिल पार्करचं, चित्रं सी. सी. बेकची.

बिली बॅट्सन अनाथ आहे, रात्री भुयारी रेल्वेच्या स्टेशनबाहेर पेपर विकतो. एक अनोळखी माणूस विचारतो, एवढ्या रात्री घरी का नाहीस? बिली सांगतो, घर नाही, स्टेशनातच झोपतो, तिथे ऊब असते. या उत्तरापाशी मी दर वेळी थांबते. गयावया नाही, रडगाणं नाही.

मग चालक नसलेली गाडी, भुयार आणि ओळीने सात पुतळे, माणसाचे सात शत्रू. गर्व, मत्सर, लोभ तर आपल्या षड्‌रिपूंतलेच. द्वेष, स्वार्थ, आळसही समजतात. पण त्यांच्यात अन्यायही आहे! आपले सहाही रिपू मनातले, अन्यायाला त्यांत जागा नाही. रस्त्यावर वाढलेल्या पोराच्या गोष्टीत तो असायलाच हवा होता.

पुढे सिंहासनावर म्हातारा शझाम, डोक्यावर धाग्याने टांगलेली प्रचंड शिळा. त्याच्या नावाच्या सहा इंग्रजी अक्षरांत सहा जण सामावलेत: सॉलोमनचं शहाणपण, हर्क्युलिसचं बळ, ॲटलसचा दमसास, झ्यूसचं सामर्थ्य, अकिलिसचं धैर्य, मर्क्युरीचा वेग. सॉलोमन बायबलमधला, बाकीचे ग्रीक-रोमन कथांतले. बळाच्या आधी शहाणपण येतं, हे मला फार आवडतं. म्हातारा म्हणतो, माझं नाव घे. नाव घेताच वीज कडाडते आणि पोराच्या जागी लाल पोशाखातला धिप्पाड पुरुष, कॅप्टन मार्व्हल, उभा राहतो. नामाचा महिमा ऐकत वाढलेल्यांना हे वेगळं समजवावं लागत नाही.

म्हणूनच खटल्याचा राग येतो. सुपरमॅन छापणाऱ्या नॅशनल कॉमिक्सने १९४१ साली कॅप्टन मार्व्हलच्या प्रकाशकावर, फॉसेटवर, तो सुपरमॅनची नक्कल आहे असा दावा लावला. खालच्या कोर्टात फॉसेट जिंकले, पण १९५१ साली अपिलात न्यायमूर्ती लर्नेड हँड यांनी तो निकाल फिरवला. सुपरहिरोंचा खपही तेव्हा घसरला होता. १९५३ साली फॉसेटने तडजोड करून कॅप्टन मार्व्हल छापणंच बंद केलं. पुढे त्याच नॅशनलने, म्हणजे डीसीने, १९७३ मध्ये त्याला परत आणलं. पण १९६७ पासून मार्व्हल कंपनीचा वेगळाच कॅप्टन मार्व्हल निघत होता, म्हणून मुखपृष्ठावर नाव आलं ‘शझाम’. स्वतःच्याच अंकावर स्वतःचं नाव नाही!

अंगरखा, उड्डाण, बळ या गोष्टी सारख्या आहेत, मान्य. पण सुपरमॅन शक्ती घेऊनच क्रिप्टॉन ग्रहावरून आला, बिलीला ती कुणीतरी विश्वासाने सोपवली. आणि कॅप्टन मार्व्हलच्या गोष्टींतला, कोट घालून माणसांत राहू पाहणारा बोलका वाघ टॉनी? १९४७ पासूनच्या त्याच्या गोष्टी ऑटो बाइंडरने लिहिल्या. तो वाघ सुपरमॅनच्या कुठल्या अंकातून उचलला होता, हे मला कुणीतरी दाखवावं.