नॉर्वेचा काटक फ्योर्ड घोडा
दत्तजयंतीला सारंगखेड्याच्या बाजारात काठियावाडी आणि मारवाडी घोड्यांचे आत वळलेले कान न्याहाळणाऱ्या आम्हा खान्देशी अश्वप्रेमींना नॉर्वेच्या फ्योर्ड जातीचीही ओळख व्हावी, असे मला मनापासून वाटते. सुमारे 135 ते 150 सेंटीमीटर उंचीचा हा शांत, काटक घोडा पश्चिम नॉर्वेच्या डोंगराळ शेतांत पिढ्यानपिढ्या राबला. आज तो स्वारीलाही चालतो. त्याच्या आयाळीतले मधले केस काळे, तर कडेचे पांढरे असतात, आणि आयाळ उभी कातरताना पांढरे केस किंचित आखूड ठेवले, की काळी रेघ सुरेख उठून दिसते. मात्र थोडक्या चाऱ्यावर पोसणाऱ्या या जनावराला लाडाने चणे-गूळ चारू नये, कारण लठ्ठपणातून खुरांच्या आत दाह होऊन ते लंगडू लागते. बेताचे वाळलेले गवत आणि रोजची हालचाल त्याला मानवते.